किल्ली कुणाकडे?

आईच्या बचत गटाची पेटी आमच्या घरी असते, पण किल्ली शेजारच्या काकूंकडे. लहानपणी मला हा उगाच केलेला द्राविडी प्राणायाम वाटायचा.

गेल्या महिन्यात मी गटाच्या हिशोबाची वही जँगोत उतरवली. लॅपटॉपवर सगळं चोख चाललं. मग एक छोटा उबंटू सर्व्हर भाड्याने घेतला, कोड चढवला, गुनिकॉर्न सुरू केलं, त्याच्यापुढे एन्जिनएक्स उभं केलं. रात्री दीड वाजता ब्राउझर उघडला तर ५०२ बॅड गेटवे.

एन्जिनएक्स बाहेरून आलेली विनंती घेऊन आत गुनिकॉर्नला देतं, एका सॉकेट फाइलमधून. ती फाइल मी माझ्या होम फोल्डरमध्ये ठेवली होती. एरर लॉगमध्ये एकच रडगाणं: परमिशन डिनाइड. उबंटू २१.०४ पासून नवीन होम फोल्डर इतरांसाठी बंद असतं आणि एन्जिनएक्स चालतं ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ नावाच्या वेगळ्या युजरखाली. त्याला माझ्या घरात पाऊलच टाकता येत नव्हतं.

यावरचा आळशी उपाय सगळ्यांना पाठ असतो: सीएचमॉड ७७७. सगळ्यांना सगळं खुलं. मी कमांड टाइप केली. एंटर तेवढं दाबायचं राहिलं होतं.

तेव्हा संध्याकाळचा फोन आठवला. आईने विचारलं होतं, “कुणी किती उचललेत ते भलत्याला दिसणार नाही ना गं?” गटातल्या एकीने मुलीच्या फीसाठी पाच हजार घेतलेत. नवऱ्याला माहीत नाही.

७७७ केल्याने वही लगेच चव्हाट्यावर येत नाही. पण सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रोग्रामला ती वाचता येते, खोडताही येते. त्यातला एक जरी कुणाच्या हाती लागला, की संपलं.

कमांड पुसली. सॉकेट ‘रन’ फोल्डरमध्ये हलवलं, तेवढ्यापुरती एन्जिनएक्सच्या ग्रुपला परवानगी दिली. डेटाबेस माझ्या बंद घरातच राहिला. डीबगही फॉल्स केलं, नाहीतर एरर आली की आतला कोड समोरच्याला दिसतो. अडीच वाजता लॉगिनचं पान उघडलं.

सकाळी आईला सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग आता किल्ली कुणाकडे?”

रूटचा पासवर्ड माझ्याकडे. सर्व्हरही माझ्याच नावावर. म्हणजे पेटी माझ्याकडे, किल्लीही माझ्याकडेच.

“मग वही पण लिहीत राहते मी,” आई म्हणाली.

मला राग आला नाही. तिचंच बरोबर होतं.