माळावरची हरणी

लॅब्रॅडॉरचा पंजा हातात घेऊन बोटं जराशी फाकवली, की मधे पातळ कातडीचा पडदा दिसतो. अंगावरचे केस दुपदरी, वरचे राठ आणि आतले मऊ, दाट, पाण्याला आत न शिरू देणारे. शेपूट बुडाशी जाडजूड, पोहताना दिशा धरायच्या कामाचं. या कुत्र्याचे पूर्वज कॅनडाच्या पूर्व टोकाला, न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांबरोबर राहायचे. बर्फाळ पाण्यात उडी मारून दोर आणि जाळ्यातून निसटलेले मासे ओढून आणायचे. एकोणिसाव्या शतकात ते इंग्लंडात गेले आणि तिथल्या जमीनदारांनी त्यांना बंदुकीने पडलेला पक्षी दात न लावता उचलून आणायला शिकवलं. आपल्याकडचा लॅब बाबांची चप्पल तोंडात धरून घरभर मिरवतो, पहिल्या पावसात पहिलं डबकं गाठून त्यात लोळतो, ते सगळं तिकडून आलेलं आहे.

हे एकदा लक्षात आलं आणि तेव्हापासून कुठलंही कुत्रं बघताना मला आधी त्याचा मुलूख आणि त्याचं काम दिसू लागलं. त्याचा जो गुण आपल्याला भुलवतो, तोच पुढे घरात अडचण होऊन बसतो, हेही कितीतरी घरांत पाहिलं. लॅबची मायाळू नजर ताटावर खिळलेली असते. 2016 साली केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की साधारण दर चार लॅबपैकी एकात असा जनुकीय दोष असतो, की पोट भरल्याची खबर मेंदूपर्यंत नीट पोचतच नाही. त्याची भूक खरी असते, आणि आपण लाडाने एकेक पोळीचा तुकडा टाकत राहिलो तर त्याचे सांधे मध्यम वयातच बोलू लागतात. तरीही लहान मुलांच्या घरात लॅबइतका भरवशाचा सोबती मला दुसरा माहीत नाही. फक्त घरातल्या एकाने मन घट्ट करून त्याचं मोजून जेवण सांभाळायला हवं, आणि आजीला तशी प्रेमाने समज द्यायला हवी.

जर्मन शेपर्ड मेंढ्यांचा राखणदार. माक्स फोन श्टेफानित्स या घोडदळातल्या माणसाने 1899 मध्ये या जातीची रीतसर नोंद सुरू केली. बुद्धी लखलखीत, पण तिला रोज काम लागतं. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये कोंडलेला शेपर्ड दाराशी येरझारा घालताना पाहिला, की जीव तुटतो. पांढरेशुभ्र स्पिट्झ तर आपल्या मध्यमवर्गाचं जुनं प्रेम. आपण त्यांना पॉमेरियन म्हणत आलो, आणि 1994 च्या ‘हम आपके हैं कौन’मधल्या टफीने त्यांना घराघरांत नेलं. भुंकणं भरपूर, तेवढं सोसलं तर फार गोड.

पगबद्दल मात्र मला ठामपणे बोलायचं आहे. 2003 सालच्या एका मोबाइल कंपनीच्या पगवाल्या जाहिरातीने महाराष्ट्रातल्या शहराशहरांत पग आले. स्वभावाने इतकं लोभस कुत्रं क्वचितच असेल. पण कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो धापा टाकून, जिभेवरून आणि नाकातून वाफ घालवून अंग गार करतो. पगचं नाकच माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आत दाबलं. झोपेतलं त्याचं घोरणं ऐकून आपल्याला गंमत वाटते. ती त्याची श्वासासाठीची ओढाताण असते. डोळे बाहेर आलेले, त्यामुळे बुबुळावर जखमा. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात त्याची दुपार कशी जात असेल, याचा विचार करून पाहा. ज्यांच्याकडे पग आहे त्यांनी त्याला जिवापाड जपावं. नवा मात्र कुणी आणू नये.

माझा जीव जडला आहे तो आपल्याच मातीतल्या कारवानीवर. सोलापूर, लातूर, सांगली, तिकडे विजापूर-बागलकोट, या कोरड्या पठारावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेलं हे कुत्रं. मुधोळच्या घोरपडे राजांनी त्याची पैदास नीट सांभाळली, म्हणून मुधोळ हाउंड हे नाव जगभर गेलं. अंगावर, कानांवर, शेपटीवर लांब रेशमी केस असलेला तो पश्मी. 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यांत मुधोळ होता. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने त्याला देशी जात म्हणून नोंदलं आहे. सैन्यानेही त्याला मेरठला नेऊन प्रशिक्षण दिलं. एवढा मान मिळूनही पुण्यातल्या बागेत कारवानी घेऊन गेलं, की पहिला प्रश्न ठरलेला, “याला खायला घालत नाही का हो?”

कारण हे अंगच तसं. लांबट, निमुळतं डोकं. छाती खोल, पोट पाठीकडे ओढलेलं, कातडीखाली चरबी जवळजवळ नाहीच. पूर्ण वेगात धावताना एकेका झेपेत त्याचे चारी पाय दोनदा जमीन सोडतात, एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना आणि एकदा मागचे पाय पुढच्यांच्याही पुढे येऊन कणा धनुष्यासारखा वाकलेला असताना. या धावण्याला नाकाचा आधार लागत नाही, डोळ्यांचा लागतो. ज्या माळावर झाडं नाहीत, आडोसा नाही, तिथे दूरवर हललेलं गवत टिपायचं आणि ते हलायचं थांबण्याआधी तिथे पोचायचं, यासाठी हे कुत्रं घडलं.

आमची हरणी सांगोल्याकडच्या एका मेंढपाळाच्या घरातून आली. पिल्लू हातात देताना म्हातारबाबा म्हणाले, “ताई, हिला बांधून ठिवली तर कुढंल, आन मोकळी सोडली तर पार जाईल.” कारवानी पाळण्याचं सगळं सुख आणि सगळी अडचण बाबांच्या त्या एका वाक्यात आहे.

सुख आधी सांगते. घरात हरणीसारखं शांत कुणी नाही. भुंकणं अगदी मोजकं. आखूड केसांमुळे अंगाला वास नाही, गालिच्यावर केसांचा सडा नाही. दिवसाचा बराच वेळ ती झोपते, पाठीवर पडून चारी पाय हवेत टाकून झोपते, आणि तेव्हा स्वप्नात धावत असली की तिच्या पंज्यांची बोटं आवळतात, सुटतात. पाहुणे आले की उठून आतल्या खोलीत जाते. अनोळखी हात अंगाला लागलेला तिला चालत नाही, हा या जातीचाच स्वभाव. घरातल्या माणसांवरही ती प्रेमाचा वर्षाव करत नाही. संध्याकाळी कधीतरी जवळ येते, हनुवटी गुडघ्यावर टेकवते, वर बघते आणि तशीच उभी राहते. ते निवडणं तिचं असतं. ज्यांनी ते अनुभवलं त्यांना त्याची किंमत सांगावी लागत नाही.

आता अडचणी, आणि त्या खऱ्या आहेत. दूर काही पळताना दिसलं की तिचे कान बंद होतात. हाक, शिट्टी, खाऊचा डबा, कशाचाही उपयोग नाही. मांजर, कोकरू, मोटारसायकल, वाऱ्याने उडालेली प्लॅस्टिकची पिशवी, तिला सगळं सारखंच. त्यामुळे रस्त्यावर पट्ट्याशिवाय एक पाऊलही नाही, शेवटपर्यंत नाही. पुरुषभर उंचीची भिंत ती धाव न घेता चढून जाते. कातडी इतकी पातळ, की काटेरी तारेला नुसतं घासलं तरी टाके घालायची वेळ. फरशीवर झोपून कोपरांना घट्टे पडतात, डिसेंबरात ती कुडकुडते, म्हणून तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवून घेतली. आवाज चढवला तर दिवसभर तोंड फिरवून बसते. धाकाने शिकवणाऱ्या माणसाचं तिच्याशी कधीच जमणार नाही. आणि शस्त्रक्रियेची वेळ आली, तर पशुवैद्यांना आधीच सांगावं की हे कारवानी आहे. अशा धावणाऱ्या जातींच्या शरीरात भुलीची काही औषधं नेहमीपेक्षा फार वेळ रेंगाळतात; जाणता डॉक्टर दुसरं औषध निवडतो.

याहून मोठी अडचण मला रात्री जागं ठेवते. हरणी ज्या कामासाठी घडली, ते काम 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने थांबवलं, आणि योग्य केलं. सशामागे, चिंकाऱ्यामागे कुत्री सोडणं हा गुन्हा आहे. तरी आडवाटेला ते चालतंच. माळरान आधीच आकसत चाललं आहे. नान्नजच्या माळढोक अभयारण्यातल्या काळविटांना, तिथल्या लांडग्या-खोकडांना मोकळी फिरणारी कुत्री भारी पडतात. पळवतात, फाडतात, डिस्टेंपरसारखा रोग देतात. पुणे जिल्ह्यातल्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचंही शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. माझ्या हरणीवर माझं प्रेम आहे म्हणून हे मला दुसऱ्या कुणाहून जास्त लागतं. कारवानीची जात टिकावी आणि माळही जिता राहावा, असं वाटणाऱ्याने तिला माळावर सोडू नये.

मग तिचं धावणं? एका ओळखीच्या शेतकऱ्याचं जाळीचं कुंपण घातलेलं रान आहे. ज्वारी निघाल्यावर पहाटे आम्ही तिथे जातो. पट्टा सुटतो. ती क्षणभर जागच्या जागी थरथरते, आणि मग जमिनीवरून काहीतरी वाहत गेल्यासारखी जाते. पावलांचा आवाज जवळजवळ येतच नाही, ऐकू येतो तो फक्त तिचा श्वास. वळणावर सारं अंग आतल्या बाजूला कलतं, धूळ मागे राहते, ती केव्हाच पुढे. कुणाचा पाठलाग नाही, कुणाचा जीव जात नाही. चार-पाच मिनिटांत जीभ बाहेर काढून परत येते आणि माझ्या पायावर अंग टाकून उभी राहते. आठवडाभराची तिची घालमेल तेवढ्याने निवते.

सध्या कारवानीला भाव आलाय, आणि त्यातून नवं संकट उभं राहिलंय. शर्यतींसाठी काही जण ग्रेहाउंडशी संकर करून पिल्लं विकतात. वेग वाढतो, पण तुटपुंज्या पाण्यावर, ज्वारीच्या भाकरीवर आणि थोड्या दुधावर काटकपणे जगण्याचं त्याचं बळ जातं. शतकानुशतकं मेंढपाळांनी आणि शेतकऱ्यांनी जे जपलं, ते एका पिढीत पातळ होईल.

आणि ज्याला ही सगळी उस्तवार झेपणार नाही, त्याच्यासाठी गल्लीतलं गावठी पिल्लू आहेच. आपल्या हवेची सवय असलेलं, सहसा काटक, हुशार, कुणी मुद्दाम न बिघडवलेलं. त्याला नऊ रोगांची लस, रेबीजची लस, वेळेवर नसबंदी आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात गोचिडांवर नजर, एवढं दिलं की ते आयुष्यभर साथ देतं. माझ्या लेखी शहरातल्या बहुतेक घरांसाठी तीच सगळ्यांत चांगली निवड.

तरीही मन जातिवंत कुत्र्यावर बसलंच असेल, तर दुकानातून किंवा फोनवरचा फोटो बघून पिल्लू घेऊ नका. जिथे ते जन्मलं तिथे जा, त्याची आई बघा, ती कशी राहते, कशी चालते, माणसाला कशी सामोरी येते ते बघा. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू आईपासून तोडू नका. आणि कारवानी आणणार असाल, तर आधी धावायला कुंपणाचं रान शोधा, मग पिल्लू शोधा. ते तुमच्याकडे बारा-तेरा वर्षं राहणार आहे.