तुम्ही मूळचे कुठले?

एम.ए.च्या शेवटच्या सत्रात मानववंशशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रबंधिका लिहावी लागते, आणि त्यासाठी कुठल्यातरी समाजात जाऊन राहावं लागतं. माझ्या वर्गातली मुलं मेळघाटात गेली, काही जव्हार-मोखाड्याकडे गेली. मी तंजावर धरलं ते एडगर थर्स्टनमुळे. हा मद्रासच्या सरकारी संग्रहालयाचा प्रमुख. के. रंगाचारी यांना हाताशी धरून त्याने १९०९ साली दक्षिणेतल्या जातिजमातींचे सात खंड छापले. त्यात पाखरं धरणाऱ्या ‘कुरुविक्कारन’ लोकांची नोंद आहे. हे मराठी बोलतात, कोल्ह्यांची शिकार करतात आणि यांना ‘काट्टु मराठी’, म्हणजे रानातले मराठे, असंही म्हणतात, असं तो लिहितो. तंजावरचे भोसले, सरस्वती महालातले मोडी कागद, सर्फोजीराजांची पुस्तकं यांवर मराठीत ढीगभर लिहून झालंय. या रानातल्या मराठ्यांवर मात्र मला काही मिळेना. आज त्यांना नरिकुरवर म्हणतात.

आमच्या अभ्यासक्रमाबद्दल एक सांगून टाकते. मध्य ऑस्ट्रेलियातल्या अरांडा लोकांची नातेव्यवस्था आम्हाला फळ्यावर आकृती काढून पाठ करायला लावली होती. कुठल्या गटातल्या मुलीचं लग्न कुठल्या गटात आणि त्यांची मुलं कुठल्या गटात, हे मी आजही झोपेतून उठून सांगेन. पण मी सोलापूरची. आमच्याकडे ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथे तारेच्या कुंपणात ठेवत. त्यांना गुन्हेगार ठरवणारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला, हे मला कुठल्या तासाला नाही, घरी आजोबांकडून कळलं.

जानेवारी २०२३ मध्ये तंजावरला पोचले. पश्चिम राजवीथीच्या एका बोळात, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहणाऱ्या मराठी घरात खोली मिळाली. घरमालकीणबाईंना सगळी गल्ली मामी म्हणे, मीही म्हणू लागले. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता. जेवायला डांगर पच्चडी असली की मला हाक यायची. कशासाठी आले ते सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कुरवर आणि मराठी? सुया-मणी विकणारे ते लोक, त्यांचा आपला काय संबंध? मग त्यांनी बजावलं की भोसले-घराण्याचा इतिहास मोठ्या देवळातच कोरलाय, तो आधी वाच.

तो मी वाचलाही, निदान जमेल तेवढा. बृहदीश्वर मंदिर राजराज चोळाचं, १०१० च्या सुमाराला पूर्ण झालेलं. त्याच्या आवारातल्या भिंतीवर दुसऱ्या सर्फोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले-वंशाचं चरित्र देवनागरी मराठीत कोरून घेतलं. ओळींमागून ओळी, मान दुखेपर्यंत. आपण कोण, कुणाचे आणि इथे कसे आलो, हे दगडात लिहून ठेवायची सोय ज्याच्याकडे असते त्याला पुढे कुणी पुरावा मागत नाही.

देवळाबाहेर नरिकुरवर बायका बसत. त्यांच्यातल्या एका पन्नाशीच्या बाईंशी माझी ओळख झाली. त्यांना माल आणायला उत्तरेकडे जायची सवय होती, त्यामुळे कामापुरती हिंदी येत होती. माझं तमिळ कच्चं, म्हणून तमिळ विद्यापीठात लोकसाहित्यावर संशोधन करणारा एक मुलगा सोबत येई. पण बाईंचं आणि माझं बरंचसं हिंदीतच भागलं. निळ्या प्लॅस्टिकच्या कागदावर रुद्राक्ष, स्फटिक, काचेचे मणी मांडलेले असत आणि पुढच्या रांगेत काळ्या करुंगाली लाकडाच्या माळा. तमिळनाडूत या माळांची तेव्हा जोरात टूम होती. बारीक तारेचं एक टोक त्या पायाच्या अंगठ्याला वेढा देऊन ताणून धरत. मणी ओवला की पकडीने तारेला डोळा पाडायचा, उरलेली तार मानेशी गुंडाळून तोडायची, पुढचा मणी. गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असतानाही हात थांबत नसे आणि नजर हाताकडे नसे.

“तुम्ही मूळचे कुठले?” हा माझ्या प्रश्नावलीतला पहिला प्रश्न. उत्तर तयारच होतं. आम्ही शिवाजी महाराजांचे शिपाई. लढाईत हरलो, मुघल मागे लागले, म्हणून रानात शिरलो आणि तिथलेच झालो. मी भराभर लिहून घेतलं. हीच कथा नरिकुरवरांवरच्या लेखनात बऱ्याच ठिकाणी येते, त्यामुळे मला पक्का दुवा मिळाल्यासारखं वाटलं. सोबतचा मुलगा मात्र हसत होता. दोन वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्याने याच बाईंना विचारला होता. तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मुरुगनची बायको वळ्ळी आमच्यातली, तुमच्या देवाची सासुरवाडी आमच्याकडे.

मी बाईंना तसं सरळ विचारलं. त्यांना काहीच वाटलं नाही. “तू मराठी ना? तो तमिळ. ज्याला जे आपलं वाटतं ते सांगितलं तर माणूस बसतो, चार मणी बघतो,” असं त्या म्हणाल्या. मग खरं काय? दोन्ही खरं, आजीने दोन्ही सांगितलंय. यापुढे त्या प्रश्नाला त्यांच्या लेखी अर्थ नव्हता.

भाषेचा प्रश्न त्या मानाने सोपा निघाला. नरिकुरवर घरात वागरी बोली बोलतात. जी. श्रीनिवास वर्मा यांनी तिचा अभ्यास केला आणि अण्णामलै विद्यापीठाने तो १९७० साली छापला. ही भारतीय आर्य कुळातली बोली गुजरातीला जवळची आहे. बाया आपसात बोलायला लागल्या की ‘हात’, ‘पाणी’ असे शब्द मला ओळखू येत, आणि आता समजेल म्हणेपर्यंत पुढचं वाक्य निसटे. थर्स्टनचे मराठी बोलणारे पारधी मला काही भेटले नाहीत. त्याच्या माणसांच्या कानाला तमिळ-तेलुगू नसलेलं सगळं मराठीच लागत असावं, असं माझं मत झालं. मामींना हे सांगितलं, तर त्या खूश झाल्या.

पण वस्तीवर तेव्हा या कशाचीच चर्चा नव्हती. तिथे एकच विषय होता, दाखला. नरिकुरवर आणि कुरुविक्कारन यांना तमिळनाडूच्या अनुसूचित जमातींच्या यादीत घालणारं विधेयक संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये मंजूर केलं होतं. तोवर ते अतिमागास वर्गात होते. लोकूर समितीने १९६५ सालीच त्यांची शिफारस केली होती, म्हणजे यादीत यायला सत्तावन्न वर्षं गेली. जमात ओळखायच्या या समितीच्या पाच खुणा आम्हाला परीक्षेला होत्या: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलिप्तता, इतरांशी संपर्काचा बुजरेपणा आणि मागासलेपण. बसस्टँडवर अनोळखी माणसाची बाही धरून त्याला माळ घ्यायला लावणाऱ्या बाईंना बुजरेपणाच्या रकान्यात कसं बसवायचं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

तंजावर-तिरुचिरापल्ली रस्त्यावर तुवाकुडीजवळ देवरायनेरी नावाची त्यांची मोठी वस्ती आहे. तिथे बारावी झालेला एक मुलगा भेटला. जमातीचा दाखला आर.डी.ओ. देतात, म्हणजे आपल्याकडचे प्रांत. तिथे काय काय विचारतील, याची त्याला धास्ती होती. माझ्या हातातली प्रश्नावली त्याने मागून घेतली आणि सोबत्याकडून तमिळमध्ये समजून घेतली. कुलदैवत कोणतं? लग्न कसं लावता? मयताचं काय करता, पुरता की जाळता? नवस कसला, बळी कशाचा? वाचून झाल्यावर म्हणाला, “अक्का, हेच विचारणार असतील तर याची एक प्रत द्या, मी पाठ करतो.”

मला हसू आलं नाही, कारण त्याचा अंदाज बरोबर होता. महाराष्ट्रात जात पडताळणीच्या फेऱ्यात सापडलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. १९९४ मध्ये माधुरी पाटील खटल्यात, महाराष्ट्रातल्याच महादेव कोळी दाव्यावरून, सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची पद्धत घालून दिली. तिच्यात दक्षता पथकाने देव, विधी, चालीरीती, लग्नाची पद्धत, अंत्यविधी हे सगळं तपासायचं आहे. जमातीशी माणसाची नाळ जुळते का, ते यावरून पाहायचं. माझ्या प्रश्नावलीचा क्रमही जवळजवळ तोच, कारण दोन्हींचं मूळ एकाच शास्त्रात. मी तंजावरात असतानाच, मार्च २०२३ मध्ये, ठाकूर जमातीच्या प्रकरणात याच न्यायालयाने सांगितलं की ही नाळ-चाचणी अंतिम कसोटी मानता येणार नाही. शिकलेली, शहरात वाढलेली पोरं जुने विधी विसरणारच. निकालाची बातमी मी त्या मुलाला मोबाइलवर दाखवली. त्याने विचारलं, “हे इथल्या साहेबांना कुणी सांगितलंय का?”

याच वस्तीत ‘सामी मूट्टै’ हा शब्द कानावर आला, म्हणजे देवाचं गाठोडं. देवीची वस्त्रं त्यात बांधलेली असतात आणि ते वडिलांकडून मुलाकडे जातं. कुणी देवीला बोकड देतो, कुणी रेडा, त्यावरून घराणी ओळखली जातात. ते मला बघायला मिळेल का, असं मी विचारलं. घरातल्या म्हाताऱ्याने नाही म्हटलं आणि कारण दिलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही. अरांडांच्या गुप्त विधींचे फोटो स्पेन्सर आणि गिलन यांनी १८९९ च्या पुस्तकात सरळ छापून टाकले. त्यांच्या समाजातल्या बायकांनीही जे बघायचं नाही, ते लंडनमधल्या कुणालाही विकत मिळू लागलं. आज ऑस्ट्रेलियातली संग्रहालयं अशा वस्तू मांडत नाहीत आणि संशोधनाआधी त्या समाजाची संमती घ्यावी लागते. आम्हाला पुस्तक शिकवलं, हा नंतरचा भाग नाही.

प्रबंधिका लिहिली ती दाखल्यावर. मूळ कुठलं हे प्रकरण चार पानांत आटोपलं, शिपायांची आणि वळ्ळीची कथा शेजारी-शेजारी ठेवून. बळी, घराणी, अंत्यविधी यांची वहीभर टिपणं माझ्याकडे होती, ती परिशिष्टात जोडली नाहीत. कोणत्या घराण्यात काय करतात याची छापील यादी झाली की उद्या एखाद्या कचेरीत ती उघडून समोरच्या पोराची उत्तरं तपासली जातील, असं मी मौखिक परीक्षेत सांगितलं. बाहेरून आलेल्या परीक्षकांना ते पटलं नाही. कच्ची सामग्री दाखवली नाही, तर काम झालं हे कसं मानायचं, असा त्यांचा सवाल होता. तो चुकीचा नव्हता. परिशिष्टाचे गुण गेले.

देवरायनेरीच्या मुलाला मी प्रश्नावलीची प्रत दिली होती. जूनमध्ये त्याचा फोन आला. दाखला मिळाला होता आणि लग्न-मयताचं काहीच विचारलं नव्हतं, वडिलांचे जुने कागद पाहिले आणि सही केली. पाठ केलेलं वाया गेलं म्हणून तो थोडा नाराज होता.