पेन्शनीतला सुभेदार

सैनिकाचं मोठेपण रणांगणावर ठरतं, घरी परतल्यावर उरतं ते पेन्शन आणि गप्पा, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. देहूरोडमध्ये ते आपसूकच तयार होतं. हे गावच लष्करी डेपोभोवती वाढलं. घरटी कुणी ना कुणी डेपोत, कारखान्यात, नाहीतर पलटणीत. निवृत्त फौजी भेटला की माझा पहिला प्रश्न ठरलेला, ‘काका, कुठल्या लढाईत होतात?’ पासष्ट किंवा एकाहत्तर असं उत्तर आलं की मी खुर्ची पुढे ओढायचो. ‘मी स्टोअरला होतो’ म्हणाले की चहा संपवून उठायचो.

माझे आदर्श होते नामदेव जाधव. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे, मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीत सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या तुकडीची वाताहत झाली. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून सुखरूप नेलं. मग परत जाऊन शत्रूची तीन मशीनगन ठाणी गप्प केली. हाताला जखम झाली तेव्हा बंदूक टाकून हातबाँब फेकले, आणि शेवटी बांधावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार करत उरलेल्यांना पलीकडे बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. १९८४मध्ये ते पुण्यात वारले. त्यांचा तो एक दिवस मला तोंडपाठ होता. मधल्या एकोणचाळीस वर्षांबद्दल कुणाला विचारावंसंही वाटलं नाही.

मत बदललं ते एका सुभेदारामुळे. त्याचा धागा आमच्या गावातच होता. २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती बसवली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. त्या तारखेला त्या विहारापाशी, धम्मभूमीवर, आजही गर्दी लोटते. बाबासाहेबांचं आयुष्य मी राज्यघटनेपासून मागे वाचायचो आणि कोलंबिया विद्यापीठापाशी थांबायचो. पण धनंजय कीरांचं चरित्र वाचताना सुरुवातीलाच अडकलो, ते त्यांच्या वडिलांपाशी, रामजी सकपाळांपाशी.

रामजी लष्करात सुभेदार होते. पण त्यांची नोकरी मुख्यतः लष्करी शाळेतली. चौदा वर्षं ते मुख्याध्यापक होते. माझ्या जुन्या मापाने, ‘स्टोअरला’ असलेलेच. महूला १८९१मध्ये भीमराव जन्मले, त्यानंतर काही वर्षांतच रामजी पेन्शनीत निघाले. पेन्शन महिना पन्नास रुपये. आधी दापोली, मग सातारा, शेवटी परळच्या चाळीतली एक खोली. त्या दशकात लष्कराने महारांची भरतीच थांबवली, म्हणजे पुढच्या पिढीला तो रस्ताही बंद झाला. लष्करात सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षणाची सक्ती होती. रामजींनी ती सक्ती घरी आणली. हे कबीरपंथी गृहस्थ मुलांकडून भजनं म्हणून घेत, तर्खडकरांच्या पुस्तकांवरून इंग्रजी घोटून घेत. परळला खोलीत जागा नव्हती, म्हणून मुलाला लवकर झोपवून रात्री दोनला अभ्यासाला उठवत. पुस्तकासाठी पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन दागिना मागत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन हातात आली की सोडवून परत देत.

रामजींना संत करायची मला हौस नाही. पत्नी भीमाबाई गेल्यावर त्यांनी दुसरं लग्न केलं, ते छोट्या भीमाला मुळीच रुचलं नाही. मुलाची बडोद्याची नोकरी त्यांना पसंत नव्हती, तीवरून बापलेकात वाद झाला. २ फेब्रुवारी १९१३ला ते गेले. त्याच वर्षी मुलगा अमेरिकेला निघाला. १९४१मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे याच मुलाचा आग्रह होता. बापाच्या काळात लागलेलं दार लेकाने उघडून घेतलं.

यावरून सेनिओचं मोल माझ्यालेखी कमी झालं नाही. तिथे वाचलेली दोन माणसं वाचलीच. पण सैनिकाचा हिशेब युद्ध संपलं की बंद करायचा, हे आता मला मान्य नाही. लष्करात माणूस जे शिकतो, वक्तशीरपणा, लिहिणं-वाचणं, तुटपुंज्या पगारात महिना काढणं, ते कुठे खर्ची पडतं हे पेन्शनीतच कळतं.

एक शंका मात्र मी स्वतःलाच विचारतो. सगळ्याच सुभेदारांची मुलं आंबेडकर होत नाहीत. त्याच घरात मोठ्या भावाला, आनंदरावांना, शाळा सोडून कामाला लागावं लागलं, म्हणून धाकट्याचं शिक्षण चालू राहिलं. मुलाच्या कीर्तीवरून बापाला मोठं म्हणायचं, तर मी पुन्हा पदकच शोधतोय असं होईल. माझं नवं मत त्यावर उभं नाही. मुलीचा दागिना घेऊन सावकाराकडे गेले त्या दिवशी रामजींना पुढचं काहीच ठाऊक नव्हतं, तरी ते गेले. ते त्यावर उभं आहे.