गावनकाशा

तलाठ्याच्या कपाटात तो घडी घालून पडलेला असतो. घड्यांवर विरलेला, कडांना चिकटपट्टी लावलेला, कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण. हिंगोली जिल्ह्यातल्या जुन्या प्रती तर डोक्यावर अजून ‘जिल्हा परभणी’च मिरवतात, १ मे १९९९ ला जिल्हा वेगळा झाला, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेलीच नाही. तो वर्षातून चार-दोनदा टेबलावर उलगडला जातो आणि उलगडला की भोवतालच्या माणसांचे आवाज खाली येतात. एकमेकांशी अबोला धरलेले भाऊ त्याच्यावर बोट टेकलं की शेजारी-शेजारी वाकून बघतात. गावात वयाचे, शब्दाचे मानकरी पुष्कळ असतात. एवढा मान त्यांतल्या कुणालाही नाही.

स्वभावाने तो काटेकोर. अखंड रेघ म्हणजे गटाची हद्द. दोन समांतर तुटक रेघा म्हणजे गाडीरस्ता, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकच तुटक रेघ म्हणजे पायवाट, सव्वाआठ फूट. हे आकडे असे अडनिडे का, याचं उत्तर जुन्या शंकूसाखळीत आहे. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. पाव साखळी माणसाला, निदान अर्धी साखळी बैलगाडीला. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद म्हणजे एक गुंठा, असे चाळीस गुंठे झाले की एकर. मोजणीला आता उपग्रहाशी बोलणारी यंत्रं येतात, पण याची भाषा अजून साखळीचीच आहे.

या तुटक रेघांसाठी मला तो फार जवळचा वाटतो. कयाधू नदीच्या काठची जमीन काळी. पावसाळ्यात तिच्यात पाय रुतला की चप्पल तिथंच राहते. दोन्ही अंगांनी दरवर्षी एकेक तास पुढे सरकवत पांदण नांगरून खाल्ली जाते. शेवटच्या शेतातल्या माणसाचं सोयाबीन काढून पडलेलं असतं आणि ट्रॅक्टर मात्र गावातून पुढे सरकत नाही. अडवणारा बहुधा जमीनदार, चार माणसं पाठीशी असलेला. अडलेल्याच्या बाजूने बोलायला कुणी पुढे येत नाही. मग १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारापुढे अर्ज जातो आणि विचारतात, “नकाशात रस्ता हाय का?” त्या दोन तुटक रेघा असल्या की त्या एकट्या माणसाच्या मागे कुणीतरी उभं राहतं. नसल्या, तर १९६६ च्या जमीन महसूल संहितेतलं कलम १४३ आणि बांधावरून वाट मागायची लांबलचक खटपट.

पण गावाच्या मधोमध, सगळे गट जिथे येऊन थांबतात तिथे, त्याची नजर संपते. तिथे गावठाणाचा एक ठिपका असतो, आत काही नाही. वाडा कुठे, बौद्धवाडा कुठल्या अंगाला, मातंगवस्तीतून पाण्यावर जायला किती चालावं लागतं, कोणत्या गल्लीतून वरात जाते आणि कोणत्या गल्लीत ती अडवली गेली होती, यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. निजामाच्या काळात आपल्याकडची जमीन मोजली ती साऱ्यासाठी. जो तुकडा सारा देतो त्याला नंबर मिळाला, माणूस राहतो त्या जागेला मिळाला नाही. औंढा, सेनगाव, कळमनुरीकडच्या बंजारा तांड्यांच्या वाट्याला तर ठिपकाही सहजी आला नाही. ज्यांचे पूर्वज लमाणी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडले, त्यांचं घर कुणाच्या तरी गटात नाही तर गायरानात. उलट महसूल दप्तरात बेचिराख गावं आहेत, दिवा लागत नाही अशी. त्यांना मात्र स्वतःचं नाव, हद्द आणि नकाशा आहे. माणसं असून गाव नाही आणि गाव असून माणसं नाहीत, हे दोन्ही एकाच कपाटात.

त्याचा थोरला भाऊबंद जिल्हाधिकारी कचेरीच्या भिंतीवर असतो. त्याच्या उत्तरेच्या अंगाला पैनगंगेची निळी रेघ. १८५३ पर्यंत तिचे दोन्ही काठ निजामाचे. त्या साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेलं, इकडचा काठ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडेच राहिला. नदीत नाव चालत होती, सोयरिकी होत होत्या, वाशीम-पुसदच्या लेकी इकडे नांदत होत्या. फक्त दप्तरं दोन झाली. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या नावापुढे सर्रास कुणबी लिहिलं गेलं, मराठवाड्यात ती नोंद तुरळक. २०२३ साली मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला निजामकालीन कागद धुंडाळावे लागले, त्यामागे ही रेघ आहे. मराठा आरक्षणाच्या वादात कुणी कोणत्याही बाजूला असो, मामा आणि भाचा यांची जात वेगवेगळी नोंदवण्याचं बळ नदीत नव्हतं. ते तिच्यावर हद्द आखणाऱ्या दौतीत होतं.

आणि काही वाटा कुठल्याच कागदावर नाहीत. संत नामदेवांच्या नरसीला पंजाबातून शीख भाविक येतात. तिकडच्या घुमान गावातल्या माणसाला नरसी घरासारखी जवळ आहे, कारण त्याच्या गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची पदं आहेत. ते अंतर मोजायला साखळी पुरायची नाही.

२०२० पासून स्वामित्व योजनेत गावठाणावर ड्रोन फिरू लागले. आधी घरांभोवती चुन्याच्या रेघा ओढायच्या, मग वरून छायाचित्र, मग मिळकतपत्रिका. त्या रित्या ठिपक्यात प्रथमच घरं उमटत आहेत, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. चुना टाकायच्या दिवशी घरच्या बाईने दारात उभं राहावं आणि पत्रिकेवर आपलंही नाव मागावं. गायरानातल्या तांड्याचं घर मात्र गावठाणाच्या या मोजणीत सहजी बसत नाही. त्यासाठी तांड्याला महसुली गावाचा दर्जा मागावा लागतो, ग्रामसभेच्या ठरावापासून तहसील, जिल्हाधिकारी असं चढत जावं लागतं, आणि ते झाल्यावरच कपाटात आणखी एक घडी येते, तांड्याच्या नावाची.