गोणपाट

कुत्र्यांस घरे शोधून देण्याचा उद्योग मी उतारवयात करीन, असे कोणी दहा वर्षांपूर्वी सांगितले असते, तर आमचे कुटुंब तोंडास पदर लावून हसले असते. आमच्या घराण्यात कुत्र्यास अंगणाची पायरी ही हद्द. वैश्वदेवाच्या वेळी वडील श्याम आणि शबल या यमाच्या दोन श्वानांच्या नावाने भाताचा बली बाहेर ठेवीत, आणि तो खाण्यास आलेला गावचा कुत्रा पायरीवर चढला की त्याच हाताने त्यास खडा मारीत. यात काही विसंगती आहे असे मला विद्यार्थिदशेत वाटले नाही, आणि पुढे मुलांस संस्कृत शिकवितानाही वाटले नाही. कुत्र्यास सोडून स्वर्गाच्या रथात बसण्यास युधिष्ठिर नकार देतो, हा महाप्रस्थानिक पर्वातील प्रसंग मी वर्गात मोठ्या रंगाने सांगत असे. सांगून घरी यावे आणि पायरी राखावी, असा क्रम होता.

२०१९ च्या डिसेंबरात माझा एक जुना विद्यार्थी सैन्यातून निवृत्त होऊन देवबागेस आला. त्याची अखेरची नेमणूक नागालँडात, दिमापुराकडे होती. तेथून कुडाळपर्यंतचा प्रवास त्याने एका तांबूस कुत्रीसह केला. तिला गार्डाच्या डब्यातील पेटीत ठेवीत, आणि गाडी थांबली की हा पाण्याचे भांडे घेऊन धावे. तिथल्या बाजारात कुत्री मांसासाठी विकावयास येतात. जिवंत जनावर गळ्यापर्यंत गोणपाटात घालून गोणी शिवलेली, तोंड सुतळीने बांधलेले, केवळ डोके बाहेर. अशा तीन गोण्या त्याने विकत घेतल्या. दोन कुत्री तिकडच्या मित्रांनी ठेवली, ही उरली.

मी पडलो मास्तर. त्यास विचारले, "अरे, तू पैसे मोजलेस म्हणजे त्या विक्रेत्याचा धंदाच चालविलास. तुझ्या पैशांनी त्याने आणखी तीन आणली नसतील कशावरून?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "खरा आसा, गुरुजीनू. पन ता माझ्याकडे बघत होता."

या उत्तरास तर्कशास्त्रात काय किंमत आहे हे मला ठाऊक आहे. तरीही मी पुढे काही विचारले नाही. त्याच्या घरी आईला दम्याचा विकार. कुत्री ठेवणे शक्य नव्हते. "तुमका सगळे वळाखतत, खंय तरी घर बघून द्या," एवढे सांगून तो तिला आमच्या अंगणात बांधून गेला. मी तिचे नाव सरमा ठेवले. कुटुंबाने नाव ऐकून घेतले आणि पायरीकडे बोट दाखविले.

घर शोधणे म्हणजे वधूसंशोधनाहून कठीण, हे मला त्या महिन्यात कळले. आमच्याकडे काजू-आंब्याच्या बागांत माकडांचा उपद्रव फार, म्हणून राखणीस कुत्रा सर्वांनाच पाहिजे. परंतु "कुत्रो होयो, कुत्री नको" हे पालुपद दहा दारी ऐकले. पिलांचा भार नको, हे कारण. शस्त्रक्रिया करून घेऊ म्हटले तर "एवढो खर्च कुत्र्यार?" असा प्रतिप्रश्न. अखेर आचऱ्याच्या बाजूच्या एका बागायतदाराने तिला नेले. मार्चात काजूबिया भरण्यासाठी गोण्या आल्या, त्याच रात्री ती दावे तोडून पळाली आणि तिसऱ्या दिवशी पायांस जखमा घेऊन आमच्या अंगणात हजर झाली. दुसऱ्या घरानेही तिला महिन्याभरात परत पाठविले. ती रात्रभर रडते, अशी तक्रार.

तोवर मला गोण्यांचे ध्यान आले नव्हते. एके दिवशी हमालाने तांदळाची गोणी ओटीवर आपटली, तशी सरमा जमिनीस पोट लावून बसली आणि तिच्याखाली ओले झाले. हमाल हसला. मला मात्र हसू येईना. कारण मला आठवले ते दिमापूर नव्हते.

पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या गोठ्यात गावच्या एका कुत्रीने सहा पिले घातली होती. श्रावण तोंडावर आलेला, घरात सोवळे. मी स्वतः ती पिले गोणपाटात भरली, तोंड सुतळीने बांधले आणि खाडीपलीकडच्या मासळी बाजारात सोडून आलो. तिथे त्यांना खावयास मिळेल, अशी मनाची समजूत घातली. त्यांची आई होडीच्या धक्क्यापर्यंत मागे आली होती. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याप्रमाणे पाळलेले जनावर असे टाकून देणे अपराध आहे, आणि पहिल्या अपराधास दंड दहा ते पन्नास रुपये, हे मी पुष्कळ पुढे वाचले. ती कुत्री माझी पाळलेली नव्हती, असा बचाव मी मनाशी करून पाहिला. मग दंड मनातल्या मनात हिशेबास धरला. तो फार थोडा वाटला.

पुढे २०२० साली दिमापूरच्या बाजारातील गोणीबंद कुत्र्यांचे छायाचित्र देशभर फिरले, आणि जुलैत नागालँड सरकारने कुत्र्यांच्या मांसाचा व्यापार बंद केला. २०२३ च्या जूनमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाच्या कोहिमा पीठाने तो हुकूम रद्द केला. असा हुकूम काढण्याचा अधिकार मुख्य सचिवांस नव्हता, आणि हे तिथल्या लोकांचे रूढ अन्न आहे, असा निकालाचा आशय. त्या दिवशी आमच्या वाचनालयात नागा लोकांविषयी जे उद्गार निघाले ते लिहिण्याजोगे नाहीत. मी म्हटले, "श्वपच हा शब्द आपलाच. मनूने कुत्र्यास आणि श्वपचास एकाच श्लोकात, जमिनीवर अन्न टाकण्याच्या यादीत बसविले. आणि दुष्काळात विश्वामित्राने त्याच श्वपचाच्या घरी कुत्र्याची तंगडी चोरली, हे शांतिपर्वात आहे. नागा मनुष्य खाण्यासाठी मारतो. १८३२ साली मुंबईत कुत्र्यामागे आठ आणे देऊन ती मारविली जात होती, ती कोण खात होते?" त्या वेळी पारशी मंडळींनी दंगा केला, दुकाने बंद पाडली, आणि दोनच वर्षांनी जमशेटजी जिजीभाई व अमीचंद शहा यांनी मुंबईचा पांजरापोळ उभा केला. आमचे वाचनालय मात्र त्या संध्याकाळी लवकर बंद झाले. मला गोणीचा प्रकार क्रूर वाटतो. तो तिथेही वाटतो आणि इथेही वाटतो. याहून मोठा निवाडा करण्याचा अधिकार, मासळीवाचून ज्यांचे पान हलत नाही त्या आमच्या किनाऱ्यास कितपत आहे, याची मला शंका आहे.

असो. सरमेस घर मिळाले ते दांडीवर, जाळी विणणाऱ्या एका विधवा बाईंकडे. त्यांच्या घरी गोणी येत नाही. सुकी मासळी टोपलीत, तांदूळ डब्यात. कुत्री आहे हे मी आधीच सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मगे काय झाला? मी पन बाईच मा?" शस्त्रक्रियेचा खर्च माझ्या निवृत्तिवेतनातून झाला. तिच्यामागून आणखी अकरा पिलांस मी घरे पाहून दिली. त्यांतील सात कुत्री. एक पिलू बिबट्याने नेले, एक परत आले. परत आलेले सध्या आमच्याकडेच आहे. पावसात ते पायरी चढून ओटीवर निजते, आणि कुटुंब त्याकडे पाहून न पाहिल्यासारखे करते.

सरमा आता थकली आहे. मी रविवारी जातो. ओळख पटते, शेपूट हलते. पण माझ्या काखेत कापडी पिशवी असली, तर आधी ती पिशवी दूर उंबऱ्याशी ठेवावी लागते. मग ती जवळ येते.