एक्स्पायर

तार आली की आधी रडायचं आणि मग ती वाचून घ्यायची, असा आमच्या उंब्रजचा रिवाज होता. पोस्टातला माणूस सायकल भिंतीला टेकवतोय तोवर बायकांचे पदर तोंडाला लागलेले असायचे. आनंदाच्या बातमीसाठी शब्दागणिक पैसे मोजणारा आमच्या आळीत कुणी नव्हताच.

मी आठवीत असताना शेजारच्या आक्कांना मुंबईहून तार आली. त्यांचे वडील तिकडं भावाकडं, दवाखान्यासाठी गेलेले. दुपारची वेळ, जाणती माणसं रानात. इंग्रजी वाचणारा मीच, तेही पाचवीला एबीसीडी गिरवलेला. चार शब्द होते : फादर एक्स्पायर्ड कम सून. पहिला कळला, शेवटचे दोन कळले. मधल्यासारखा दिसणारा एकच शब्द मला ठाऊक होता, टायपिंगच्या क्लासच्या पाटीवरचा : एक्स्पर्ट.

"आक्का, रडू नगा. आबा एक्स्पर्ट झाल्यात. लवकर या म्हंत्यात."

"म्हंजी रं काय?"

"म्हंजी एकदम तरबेज."

आक्कांनी डोळे पुसले. आबा बरे झाले, घरी न्यायला बोलावलंय, हा अर्थ त्यांचा त्यांनीच लावला. चुलीवर चहा ठेवला, मलाही बशीत ओतून दिला. गुरुजी शाळेतून येईपर्यंत तास-पाऊण तास आबा जिवंत होते. गुरुजींनी तार वाचली, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मला घरी जायला सांगितलं.

तो शब्द मग माझ्या मागंच लागला. पुढं शब्दकोशात पाहिलं तर मूळ लॅटिन : 'एक्स' म्हणजे बाहेर आणि पुढचा भाग श्वासाचा. श्वास बाहेर टाकणं, एवढंच. म्हणजे आपलं 'प्राण जाणं'च की! कटाला इंग्रजीत कॉन्स्पिरसी म्हणतात, त्यातही हाच श्वास. कट करणारे एकमेकांच्या श्वासाइतके जवळ बसतात म्हणून असेल. आपण त्याला कानाशी लागणं म्हणतो.

बारावीनंतर कराडात एका औषधाच्या दुकानात कामाला लागलो. रोज हाच शब्द हातात. पाकिटावर नुसता महिना आणि वर्ष छापलेलं असलं, तर औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं, हे पहिल्याच दिवशी शिकलो. मुदत संपलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या वेगळ्या काढून खोक्यात टाकायच्या. गिऱ्हाईक मात्र एक्स्पायर म्हणायचं नाही. "डेट गेली न्हाय न्हवं?" असं विचारायचं. मला गंमत वाटायची. माणसं एक्स्पायर होत होती आणि औषधं जात होती.

माणसासाठी परका शब्द का लागावा? काही जण तर 'ऑफ झाले' म्हणतात. मला ते कधी सोसलं नाही, माणूस म्हणजे काय ट्यूबलाइट आहे? तसं नाव न घेता शेवट सांगायची कला मराठीला कमी नाही. आमच्या पेठेतला वाणी रात्री दुकान 'वाढवायचा'. हातातली बांगडी फुटली तरी ती 'वाढवली'. देवापुढचा दिवा विझवायचा नाही, 'शांत' करायचा. आणि दारातून निघणारा माणूस 'जातो' म्हणालाच, तर आई त्याला परत बोलवून 'येतो' म्हणायला लावायची. एक्स्पायरही त्याच पंगतीत येऊन बसला. तो कानावर पडतो, पण काळजाला लागायला थोडा वेळ घेतो. तेवढा वेळ माणसाला हवा असतो. आक्कांना तो मिळाला होता, माझ्या अडाणीपणामुळं का होईना.

जुलै 2013 मध्ये तारसेवा बंद झाली. ती बातमी मी आईला वाचून दाखवली. "बरं झालं बाई," एवढंच म्हणाली.

काही वर्षांनी एका दवाखान्याच्या व्हरांड्यात पहाटे एक तरुण डॉक्टर माझ्यासमोर उभा राहिला. "पेशंट एक्स्पायर झाल्यात," हळू आवाजात म्हणाला. चांगला मुलगा होता, दमलेला. मला शब्दाचा अर्थ, मूळ, सगळं पाठ होतं. तरी मी आठवीतल्यासारखा त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. मागून मामी म्हणाली, "काय म्हणला रं?" मला सांगता येईना.

भाच्यानं गावच्या ग्रुपवर टाकायला मजकूर केला होता. पाठवण्याआधी फोन माझ्या हातात दिला. त्यात तो शब्द होताच. मी तो खोडला आणि लिहिलं : आई गेली. माती चार वाजता, उंब्रजला, कृष्णेकाठी.