चौथा रकाना

सोमवार, ६ जानेवारी २०२५
प्लेसमेंटच्या सरांनी आज तिसऱ्या वर्षाच्या सगळ्यांना एकत्र बसवलं. उन्हाळ्यातली इंटर्नशिप ज्याची त्याने शोधायची. कॉलेज पत्र देईल, जागा देणार नाही. "ओळखी वाढवा," म्हणाले आणि पुढच्या वर्गावर गेले. वर्गातल्या एकीचे काका हिंजवडीत आहेत, एकाचे वडील चिंचोळी एमआयडीसीत मॅनेजर. माझे वडील, आमचे नान्ना, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीचे दोन माग चालवतात. अम्मा घरी विड्या वळते.

अम्माला सांगितलं. भिजवलेली पानं कात्रीने कापता कापता ती म्हणाली, "आपल्याला कुठला आलाय वशिला?" आमच्या घरात ओळख आणि वशिला यांत कोणी फरक करत नाही. तो मला करायचा आहे. वशिल्याची जागा नको. पण कोणाला काय विचारायचं हेच माहीत नसलं तर मेहनत करूनही माणूस दाराबाहेरच राहतो.

गुरुवार, ९ जानेवारी
लिंक्डइनवर गेल्या महिन्यात चौदा जणांना मेसेज पाठवले होते. एकाचंही उत्तर नाही. आज ते परत वाचले. मैत्रिणीकडून घेतलेला मजकूर, फक्त नाव बदललेलं: आदरणीय सर, मला संधी द्यावी, मार्गदर्शन करावं. मी कोण, मला काय येतं, नेमकं काय हवं, यातलं काहीच त्यात नाही. मला असा मेसेज आला असता तर मीही काय उत्तर दिलं असतं?

बुधवार, १५ जानेवारी
गड्ड्याला गेलो. सिद्धेश्वराच्या यात्रेला सोलापूर सोडून गेलेली माणसं परत येतात. दिवाळीला न येणारीही येतात. होम मैदानावर पाळण्यांच्या गोंगाटात आमच्या विडी घरकुलातली एक अक्का भेटली. कुंभारीच्या त्या १०,००० घरांच्या वसाहतीत तिचं घर आमच्या दोन गल्ल्या पलीकडे. तिची अम्माही विड्याच वळायची. आता ती पुण्यात यंत्रांच्या कंट्रोल बोर्डांवर काम करते. लहानपणी ती शाळेत जाताना मी रोज बघायची, पण बोललो कधीच नव्हतो.

मी धीर करून इंटर्नशिपचं काढलं. ती म्हणाली, "मेसेज कर. पण मार्गदर्शन करा असं नको लिहूस, त्याला मी काय उत्तर देऊ? अडलेला एक प्रश्न विचार. त्याचं उत्तर देता येतं."

मंगळवार, २१ जानेवारी
हिराचंद नेमचंद वाचनालयात दुपार गेली. ज्यांच्या नावाचं वाचनालय, त्यांचेच चिरंजीव वालचंद. १८८२ साली सोलापुरात जन्मले. त्यांचे जहाज, विमान, मोटार यांचे कारखाने आम्ही शाळेत पाठ केले होते. आज सुरुवात वाचली. १९०३ च्या सुमारास त्यांनी रेल्वेची बांधकामं घ्यायला सुरुवात केली ती लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्या भागीदारीत. फाटक पूर्वी रेल्वेत कारकून होते. फर्मचं नाव फाटक-वालचंद: कारकुनाचं नाव आधी.

पुढे १९३९ मध्ये विमानप्रवासात वालचंदांची एका अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि १९४० च्या अखेरीस बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट उभी राहिली. ही गोष्ट सगळे सांगतात. मला मात्र फाटकांनी धरून ठेवलं. वालचंदांच्या घरी पेढी होती, पैसा होता, नाव होतं. फाटकांकडे काय होतं? रेल्वेचं काम आतून कसं चालतं याची माहिती. तेवढ्या शिदोरीवर ते भागीदार झाले, आश्रित नाही.

घरी येताना रिक्षात तेच डोक्यात. मला आतून काय माहीत आहे?

रविवार, २६ जानेवारी
झेंडावंदन करून नान्नांबरोबर कारखान्यात गेले. लहानपणी डबा द्यायला यायची. तेव्हा आवाजाने कान झाकायची. आज बघायला आले होते. मागावर जकार्ड, त्यातून सरकणारी पुठ्ठ्याची कार्डं. भोक असेल तिथला धागा उचलला जातो आणि चादरीवर फुलं उमटतात.

जॉबरमामा तीस वर्षं मागांची दुरुस्ती करतात. "काय शिकालीस?" विचारलं. इलेक्ट्रॉनिक्स म्हटल्यावर पान्हा खाली ठेवला आणि बोलायला लागले. माग पाळीत किती वेळ थांबतो हे कोणी मोजत नाही. धोट्यातली कांडी संपते, ताण्याचा धागा तुटतो, वीज जाते. मालकाला संध्याकाळी चादरी कमी दिसतात, तो म्हणतो कामगार चहाला गेला. कामगाराला मजुरी चादरीवर, म्हणजे माग थांबला की पहिलं नुकसान त्याचं. नान्ना बाजूला उभे राहून ऐकत होते. घरी ते हे कधीच बोलले नव्हते.

निघताना मामा म्हणाले, "दोन वर्षांमागं पोरं आली होती. फोटो काढले, व्हिडिओ काढला, प्रोजेक्ट करतो म्हणाली. पुढं काय झालं कुणी सांगायला आलं नाही बघ." रागावून नाही बोलले. म्हणून जास्त लागलं.

रात्री एक वही केली. तीन रकाने: कोण भेटलं, काय सांगितलं, मी त्याचं काय केलं. मग चौथा आखला: परत जाऊन सांगितलं का?

बुधवार, २९ जानेवारी
अक्काला मेसेज केला. मागाचा मुख्य दांडा एकदा फिरला की एक आडवा धागा पडतो. माग कधी थांबला हे कळायला दांड्याला चुंबक आणि शेजारी सेन्सर लावून धागे मोजून बघतेय, पण माझा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, का? अर्ध्या तासात फोन. मोटारीच्या शेजारून वायर नेलीस ना? तिथून खोटे ठोके शिरतात. वायर लांबून ने, आणि दोन ठोक्यांत किमान किती वेळ जायला हवा ते प्रोग्रॅममध्ये घाल. मग म्हणाली, बोर्ड घेऊन ये, बघूया.

रविवार, ९ फेब्रुवारी
हुतात्मा एक्सप्रेसने पुणे. डब्यात निम्मी मुलं नोकरीची किंवा नोकरी शोधणारी. अक्काच्या खोलीवर तिच्या ऑफिसातला एक दादा आला होता. तिघांनी मिळून बोर्ड उघडला. त्यांनी माझ्या जोडणीतल्या चार चुका काढल्या. पण कांडी म्हणजे काय, थांबल्यावर माग पुन्हा कसा लावतात, कामगार दोन मागांमध्ये कसा फिरतो, हे त्यांना माझ्याकडून हवं होतं. दोन तास मी बोलत होते. अक्का म्हणाली, "एवढी वर्षं सोलापुरात राहिले, पण मागाजवळ कधी उभी राहिले नाही."

परतीच्या गाडीत चारही चुका वहीत उतरवल्या.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी
पैसे भरले की इंटर्नशिपचं प्रमाणपत्र देतो, असं एकाने फोनवर सांगितलं. घरबसल्या, काम काही नाही. वर्गातल्या तिघांनी भरले. मला त्या तिघांचं वाईट वाटतं. मुलाखतीत पहिला प्रश्न आला की ते काय सांगणार?

शनिवार, १ मार्च
मोजणीयंत्र नान्नांच्या मागावर आठ दिवस चाललं. थांबे वेळेसकट नोंदले गेले. सर्वांत जास्त थांबे कांडीचे, त्याखालोखाल विजेचे. जॉबरमामांना आधी दाखवलं, मालकांना नंतर. मामांनी कागद डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि स्वतःच मालकांकडे घेऊन गेले. मालक बराच वेळ बघत राहिले. आणखी चार मागांना लाव म्हणाले, सामानाचे पैसे देतो. चहाचा विषय निघाला नाही.

अक्काला तेच आकडे पाठवले. तिने ते तिच्या टीमच्या प्रमुखांना दाखवले. ते पुढच्या आठवड्यात फोन करणार आहेत. इंटर्नशिप अजून ठरलेली नाही.

रात्री अम्माने वही मागून घेतली. तिला मराठी सावकाश वाचता येतं. नावांवरून बोट फिरवत तिने मोजली: अकरा. नान्नांचंही नाव त्यात बघून तिने वर पाहिलं, काही बोलली नाही.

चौथ्या रकान्यात एकच जागा रिकामी आहे, प्लेसमेंटच्या सरांची. सोमवारी त्यांना सगळं सांगायचं आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कारखाना दाखवायला न्यायची परवानगीही मागायची आहे. जॉबरमामांना विचारलं आहे. ते हो म्हणाले, पण अट घातली: मुलांनी परत यायचं.